कामठ्याची पांढरी बाजू

डिंगोऱ्याच्या फाट्यावर टोमॅटोच्या गाड्यांची रांग.

अर्धी रंधलेली सागाची चौकट, भिंतीला टेकवलेली.

खुरासणीच्या तेलाचा वास.

उजव्या खांद्यातली कळ. माणूस झोपतो, ती झोपत नाही.

कटकन झालेला आवाज.

आधी आवाजाचं. सुभाषनं केलेला कामठा आरतीनं अंगणात ओढून पाहिला आणि तो मुठीच्या वर मोडला.

दसऱ्याला शिवेवर पहिला बाण सोडायचा मान भागूआत्याच्या घराचा. कामठा, म्हणजे धनुष्य, घरच्याच माणसानं करायचा. आत्याचा नवरा गोकुळ होता तोवर कुणाला विचार करावा लागला नाही. वैशाखात तो गेला, आणि रिवाजाप्रमाणे त्याचा कामठा त्याच्याबरोबर सरणावर जळाला. पोटी मुलगी एकच, आरती. बाण ती सोडेल, आणि डिंगोऱ्यात दारं-खिडक्या करणारा भाचा सुभाष कामठा करेल, असं आत्यानं परस्पर ठरवून टाकलं. दसऱ्याला कामठा दगा देईल त्या घरचा मान उठतो. मग तो गावातल्या दुसऱ्या मानकऱ्याकडे, गेणभाऊंकडे जाणार.

"दार लई झ्याक झालंय, दादा," आरती तुकडे गोळा करत म्हणाली. "कामठा तेवढा ऱ्हायला."

गेणभाऊ वाटेनं चालले होते, ते कुडापाशी थांबले. "मधी बिजागरी मारायची व्हती, राव. सुतारच ना तुमी?"

सुभाष हसला नाही. त्याला रागही आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडं काही शिल्लक लागतं.

माळ्यावर गोकुळनं वाळत टाकलेली धामणीच्या झाडाची एकच काठी आता उरली होती.

(हात. वीस वर्षं दारं करणारे हात. दाराच्या लाकडात पांढरं राहिलं की भुंगा लागतो. म्हणून साल काढायची, सालीखालचं पांढरं उतरवायचं, तांबडा गाभा तेवढा ठेवायचा. पहिल्या काठीवर हातांनी हेच केलं. त्यांना कुणी दुसरं सांगितलंच नव्हतं.)

गोकुळचा कामठा कसा होता, हे त्यानं आत्याला विचारलं. ती म्हणाली, मी काय तो बनवत व्हते? मग चुलीपुढं बसून तिनं कामठा आठवायचा प्रयत्न केला. रंग आठवेना, जाडी आठवेना. बराच वेळ ती नुसती तळवे एकमेकांवर चोळत राहिली.

"तेल मीच लावायची," शेवटी ती म्हणाली. "बाहेरची बाजू घटाघटा प्यायची. आतल्या बाजूला लावलं तर तसंच वर ऱ्हायाचं. हात बरबटायचा नुसता."

गाभा तेल पीत नाही. पितं ते पांढरं. आडवा पडलेला सुभाष उठून बसला.

वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते. तिथं पांढरं हवं, चिवट. दाबला जातो तो गाभा, तो आतून. आणि त्यानं ताण सोसणारंच उतरवून टाकलं होतं.

पण दुसरी काठी आपटली तर पीठ सांडलं. पांढऱ्यात भुंगा शिरला होता. भोकं थोडी, टोकाकडं. हात लगेच तासायच्या वाकसाकडे गेला: उतरव, कीड आहे, उतरव. ठेवलं तर किडक्या जागी मोडेल. उतरवलं तर पहिल्यासारखंच मोडेल. थकलेल्या माणसाला सवय सोपी पडते. त्यानं वाकस हातात धरला आणि बराच वेळ नुसता धरून बसला.

मग त्यानं किडकं टोक कापलं. कामठा आखूड झाला. बाहेरून फक्त साल सोलली, पांढऱ्याला हत्यार लावलं नाही. आतूनच तासायचं, वाकवून बघायचं, पुन्हा तासायचं. खांदा ठणकत होता.

दसऱ्याला आरतीनं कामठा ओढला. सुभाषनं डोळे मिटले. आवाज झाला तो दोरीचाच. बाण शिवेच्या दगडापल्याड जेमतेम पडला.

"पडला म्हंजे पडला," गेणभाऊ म्हणाले, आणि त्यांनीच सगळ्यांना चहाला बोलावलं.

आत्या कामठ्यावरून तळवा फिरवत राहिली. आरतीला बाणाच्या पल्ल्याची फार फिकीर नव्हती, पण तिनं सांगून ठेवलं की पुढच्या साली कामठा लांब कर. सुभाषला फक्त आडवं व्हायचं होतं.

"बघू," तो म्हणाला.

खिंडीतली धामण, गावातली शेवटची, रस्त्याच्या रुंदीकरणात आषाढातच तोडली होती.