पुढच्या खोलीऐवजी मी

मी दोन कुंड्यांचा हीटर बोलतोय. आधीच सांगतो, माझ्यावर फार विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही.

रोपवाटिकेत मी एक मोठी आणि एक लहान कुंडी होतो, दोघींच्या बुडाला पाणी जायला भोक. एका निवृत्त माणसाने आम्हाला बोटाने वाजवून, उजेडात धरून, कुठे तडा नाही ना ते बघून घेतलं. हा वजनमापांचा निरीक्षक. दुकानदारांचे खोटे काटे पकडण्यात त्याची हयात गेली होती. घरातसुद्धा त्याला साहेब म्हणत, निम्मे प्रेमाने, निम्मे नाइलाजाने.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने मला जोडलं. लहान कुंडी उपडी, तिच्यावर मोठी उपडी, दोन्ही भोकांतून एकच लांब बोल्ट. कुंड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये नट आणि वायसर. मग विटांच्या तीन तुकड्यांवर मला ठेवलं आणि खाली चार बुटक्या मेणबत्त्या. शोभेसाठी बाहेरून पांढऱ्या रंगाने वेल काढली. पानं वांग्यांसारखी झाली, पण सांगणार कोण?

"बहिणीसाठी करतोय," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

माणूस एखाद्यासाठी इतका जीव लावून काही करायला लागला की मला शंका येते.

दमा असलेली ही धाकटी बहीण दोन महिन्यांपूर्वी कायमची राहायला आली होती. तिला मिळाली मागची खोली. ऊन नाही, भिंत हाताला ओली लागते. पुढच्या खोलीत दोन खिडक्यांतून ऊन, विजेचा हीटर आणि साहेबांची खुर्ची. तिथे भिंतीला लागून एक पलंग आरामात बसला असता. मातीच्या कुंडीला हे पहिल्या दिवशी दिसलं. निरीक्षकाला दिसलं नसेल?

पहिल्या दुपारी त्याने मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, मला पेटवलं आणि तासाभराने थर्मामीटर धरला. कुठे? माझ्या डोक्यावर, वीतभर अंतरावर.

"अठ्ठावीस! बघ, अठ्ठावीस!"

"छान आहे रे दादा," बहीण म्हणाली. अंगावरची दोन ब्लँकेटं मात्र तशीच होती. दुसऱ्याच्या घरात राहणारी माणसं सगळ्यालाच छान म्हणतात.

मग पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाला अठ्ठावीस दाखवून झालं. "एवढं करणारा भाऊ मिळायला नशीब लागतं," असं शेजारीण बहिणीला ऐकवून गेली. बहीण हसली. ते हसणं मला खरं वाटलं नाही.

आठवड्यात तिचं डोकं दुखू लागलं, खोकला वाढला. "तिला उबेची सवय नाही," साहेबांनी निदान केलं. मी गप्प जळत होतो, आणि मला माझीच भीती वाटत होती.

साहेबांना एक मुलगी आहे. तिने कॉलेज अर्धवट सोडलं, म्हणून ती घरात बिनकामाची. ती एकदा आत आली, नाक मुरडलं आणि खिडकीची चिकटपट्टी टराटरा ओढून काढली.

"बाबा, चार ज्योती जळतायत आणि खिडकी बंद? आत्याला काय धुरी देताय?"

"कॉलेज सोडणाऱ्यांनी मला शास्त्र शिकवू नये."

"नाही शिकवत. थर्मामीटर तेवढा आत्याच्या उशीवर ठेवा."

त्यांनी ठेवला नाही, तिने ठेवला. मी जळत होतो, तरी उशीवर पारा चौदावरच. फटी उघड्या आहेत म्हणून साहेब कुरकुरले, तर तिने दुसऱ्या दिवशी दार-खिडकी बंद करून, आत्याला बाहेर बसवून, स्वतः तासभर आत बसून दाखवलं. साडेचौदा.

"एखाद्या दुकानदाराने तुम्हाला काटा असा दाखवला असता, तर काय केलं असतं हो बाबा?"

साहेबांनी चष्मा पुसला. "कुंड्याच हलक्या निघाल्या," ते म्हणाले.

आलं का माझ्यावर! चार मेणबत्त्यांची ऊब ती चारच मेणबत्त्यांची. मी ती धरतो आणि सावकाश सोडतो. वाढवायला मी काय जादूगार आहे?

तेव्हा दारातून बहीण बोलली. "दादा, कुंड्यांचा काय दोष? मला इथे थंडी वाजते. मला पुढच्या खोलीत झोपायचंय."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू पानं रंगवत होतास. त्यात मी कुठे बोलू?"

पलंग त्याच दिवशी हलला. आत्या-भाचीने ओढला. साहेब "भिंतीचा रंग जाईल" म्हणत नुसते मागून चालले. मग रुसून स्वतःची खुर्ची उचलून माझ्याजवळ मागच्या खोलीत येऊन बसले. मफलर, मोजे, हात माझ्यावर. "काही वाईट नाही इथे," असं भिंतीला सांगत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन पुढच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"इथे एका कोपऱ्यात जागा आहे का?"

"आहे की," बहीण म्हणाली. "विचारलंस, हे बरं केलंस."

आता मागच्या खोलीत मी एकटाच आहे. साहेबांच्या मेणबत्त्या संपल्या, वेलीचे पोपडे निघालेत. कधीतरी संध्याकाळी मुलगी खिडकी उघडी टाकून एक मेणबत्ती लावते आणि बघत बसते. तेवढ्यापुरता मी बरा दिसतो, आणि माझी लायकी तेवढीच आहे. तुम्हालाही कुणी असंच काही हाताने करून आणून दिलं, तर त्याचे आभार जरूर माना. पण देणारा स्वतः कुठे बसलाय, तेही एकदा वळून बघा.