पानाच्या कडेला

आमच्या क्षेत्रात सध्या भाष्यांवरच्या भाष्यांची चलती आहे. आधीचे पंडित सांगत, बाराव्या शतकानंतर इस्लामी तत्त्वज्ञान आटलं, उरली ती घोकंपट्टी. आता इस्तंबूलमध्ये जो तो जुन्या पोथ्या उघडून बसलाय. मीही त्यातलीच. तोकात गावच्या मदरशातल्या मुस्लिहुद्दीन नावाच्या एका जुन्या शिक्षकावर मी चार वर्षं घालवली, आणि ऐन प्रबंध संपताना अडले.

त्याच्या ग्रंथात एक आक्षेप येतो: नाहीशी झालेली गोष्ट परत आली, तर ती तीच असते का? पुढे उत्तरच नाही.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सेव्दे, उत्तर नाही म्हणजे हा नुसता नकला उतरवणारा. शुक्रवारपर्यंत सापडलं तर बघ, नाहीतर विषय बदल."

रडवेलं तोंड घेऊन ग्रंथालयात गेले. तिथे पोथ्या काढून देणारे बेद्री काका बसले होते.

"काय गं, आज कॉम्प्युटर रुसला वाटतं?"

"चेष्टा नको, काका. सगळी पानं शंभरदा पाहिलीत."

"फोटोत पाहिलीस. पोथी फिरवून पाहिलीस का?"

त्यांनी पोथी उशीवर ठेवली आणि अलगद उलटी फिरवली. कडेला तिरकी, मुंगीएवढी अक्षरं! जुने लोक पोथी फिरवत कडा वाचायचे. फोटो काढणाऱ्याने नेमक्या कडाच कापल्या होत्या, आणि मी शहाणी मधलाच मजकूर चिवडत बसले होते. मुस्लिहुद्दीनचं उत्तर तिथे होतं, शेजारी ते त्याचंच असल्याची लेखनिकाची खूण. खाली शिष्याने काढलेली खोट, पुन्हा गुरूचा जबाब. भांडण चांगलंच रंगलं होतं.

आमच्याकडे थोरांना करतात तसं मी काकांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

काका लाजले. "चाळीस वर्षं ही ओझी उचलतोय. आत काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही. तेवढं सांग."

मी सगळं सांगितलं: गुरू म्हणतो, परत आलेली गोष्ट तीच; शिष्य म्हणतो, तिच्यासारखी दुसरी. काका त्या तिरक्या अक्षरांवर वाकले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती.

"म्हणजे माझी म्युनेव्वर तिकडे भेटली, तर ती तीच असेल ना? खरं कुणाचं, गुरूचं की शिष्याचं?"

चार वर्षांत हा प्रश्न मला बाईंनी विचारला नव्हता, कुठल्या परिषदेत कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

"माहीत नाही, काका."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मग नीट वाच. मी बसलोय."