भरलेला बंब

अंजनाबाईंनी बोटांच्या पेरांनी टाकी ठोकली. वर, मग मधे, मग अगदी तळाशी. तिन्हीकडे सारखाच दबका आवाज आला, तेव्हा कुठे त्यांनी फाटकाकडे पाहिलं. ट्रॅक्टर घेऊन देवराव केव्हाचा उभा होता. आत यायची त्याची छाती होत नव्हती.

गावचा बंब म्हणजे तरी काय! संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरायचा जुना टँकर, वर लाल रंग मारलेला आणि मागे डिझेलचा पंप बसवलेला. तालुका लांब, तिथून मदत येईपर्यंत राख सावडायची वेळ यायची, म्हणून गावाने वर्गणी काढून तो केला. आधी तो देवरावच्या आवारात असायचा. सगळ्यांत मोठी बाग त्याची, ट्रॅक्टरही त्याचाच. एका उन्हाळ्यात त्याने टाकीतलं पाणी वाळत्या झाडांना दिलं, आणि त्याच दुपारी अंजनाबाईंचं घर पेटलं. बंब धावत आला तो कोरडा. बैल सोडायला आत गेलेले त्यांचे मालक बाहेर आलेच नाहीत.

तेव्हा गावाने नियम केला. ज्याचं घर शेवटचं जळालं, बंब त्याच्या दारात राहील. ज्याला झळ लागली तो टाकी रिकामी ठेवणार नाही, एवढं साधं गणित. तेव्हापासून अंजनाबाई रोज सकाळी टाकी भरत आणि ठोकून पाहत. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगाला आग लागली, उकिरडे पेटले, पण घर कुणाचं जळालं नाही. परवा मात्र देवरावचा गोठा आणि अर्धं घर गेलं. माडीवर अडकलेली त्याची नात वाचली ती अंजनाबाईंनी भरून ठेवलेल्या पाण्याने.

सकाळीच सरपंच दीपमाला येऊन गेली होती.

"मावशी, तुम्ही म्हणसान तर नियम बदलवू. बंब इथंच राहील. गाव तुमच्या बाजूनं हाये."

"पाहू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी हाक मारली.

"ये नं गा आत. फाटकात काहून उभा आहेस?"

देवरावने चपला बाहेरच काढल्या.

"बाई, पंचायतीनं धाडलं म्हणून ट्रॅक्टर आणला. पण बंब तुमच्याच दारात राहू द्या. माह्या हाती देऊ नका."

"काहून?"

"काहून काय पुसता? तुमाले ठाऊक नाही काय?"

अंजनाबाईंना असा संताप आला! इतक्या वर्षांत हा माणूस या अंगणात एकदाही आला नव्हता, आणि आज आला तो रडायला. नाहीच देत, असं अगदी ओठांवर आलं. दिला आणि याने पुन्हा तेच केलं तर? पुन्हा कुणाचं घर, कुणाचा माणूस? मग त्यांचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. परवा तो जळत्या गोठ्यात शिरून गायींची दावी सोडत होता.

"साऱ्या निघाल्या?"

"एक राहिली जी," देवराव म्हणाला.

अंजनाबाईंनी एकदा टाकीवरून हात फिरवला. मग त्यांनी टँकरच्या चाकाला लावलेला दगड पायाने बाजूला सारला.

"जोड ट्रॅक्टर."

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर त्या सवयीने अंगणात आल्या. टँकर नव्हता. पदर खोचून त्या देवरावच्या घरी निघाल्या, तशी ओट्या-ओट्यांवरची माणसं पाहू लागली. बाई टाकी ठोकायला चालली, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

देवराव टँकरपाशीच उभा होता. बाजूला खाट, खाटेवर गोधडी.

"पाहा बाई, ठोकून पाहा. काठोकाठ हाये."

अंजनाबाईंचा हात वर गेला. टाकीपाशी थांबला. तो त्यांनी खाली घेऊन पदराला पुसला.

"मले दुसरे कामं नाहीत काय? आता तूच ठोकत जा रोज," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या घराच्या दाराशी जाऊन बसल्या. या घरचं पाणीसुद्धा त्या इतकी वर्षं प्यायल्या नव्हत्या. "सुनेले सांग, चहा मांड म्हणा."

देवराव तोंड फिरवून उभा राहिला. मग पट्टी बांधलेल्या हाताने त्याने टाकी ठोकली. वर, मग मधे, मग अगदी तळाशी.