तिसरं पाणी

"अठ्ठावीस ठिपके? बस्स?" मॅडमनी बशी उजेडात धरली. "मावशी, गेल्या महिन्यात याच जिवाणूंचे दोनशेच्या वर होते ना?"

"होते," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले.

प्रयोगशाळेत सगळेच त्यांना मावशी म्हणत. त्यांचं काम ऐकायला सोपं. प्लेटच्या खळग्यांत आतड्याच्या पेशींचा थर असतो, त्यावर दह्यातल्यासारखे पोटाला बरे जिवाणू सोडायचे, दोन तासांनी तीन पाण्यांनी धुवायचं. उरलेले औषधानं सुटे करून बशीत वाढवायचे आणि ठिपके मोजायचे. धुण्यात टिकला तो पोटात टिकेल, असा हिशोब. पण पाणी पिपेटनं, म्हणजे थेंब सोडायच्या नळीनं, खळग्याच्या कडेनंच सोडायला हवं. थेंब मधोमध पडला की नीट चिकटलेलाही उखडतो. नवे पदवीवाले दणादण पाणी सोडायचे आणि जिवाणूंच्या नावानं बोटं मोडायचे. मग प्लेट मुकाट्यानं मावशींकडे यायची. सव्वीस वर्षं यायची.

गेले तीन आठवडे मात्र त्यांचा उजवा हात त्यांचं ऐकत नव्हता.

"चिकटतच नाही म्हणजे हा वाण बाद," मॅडम म्हणाल्या. "चार वर्षं पाण्यात गेली. त्याच्या फ्रीजरमधल्या कुप्या आजच काढून टाका."

मावशींनी फ्रीजर उघडला, लावला, पुन्हा उघडला. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. गप्प बसलं तर कोणाला कळणार? जिवाणूंना कुठे तोंड आहे! या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्या तडक मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"वाण टाकू नका. दोष माझा आहे. हात थरथरतो, थेंब मधोमध पडतात."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि आत्ता सांगताय? तेवढे सगळे प्रयोग पुन्हा करावे लागणार!"

"आधी सांगितलं असतं, तर प्लेट माझ्या हातात राहिली असती का?"

मॅडमचा राग निम्म्यावर आला. त्यांनी हातमोजे चढवले. "बसा इथं. मला शिकवा."

"कडेला टेकवा. अहो, हळू! घाई कसली आहे? आता तिसरं पाणी."

दोन दिवसांनी बशीत ठिपक्यांची दाटी झाली होती. मावशींनी दोनदा मोजले. दोनशे चौदा. त्यांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग ज्या पिपेटला कुणी नुसता हात लावला तरी त्या ओरडायच्या, ती त्यांनी स्वच्छ पुसली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.