पुसण्याआधी एवढं एक पान छापा

मी एक ब्लॉग बोलतोय. पाच वाजायच्या आत मला पुसून टाकायचा हुकूम आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मला बाईंनी जन्माला घातलं. कंपनीत नव्याने लागलेल्या तीस इंजिनिअरांना कामाचं इंग्रजी लिहायला शिकवणं हे त्यांचं काम. पोरं हुशार, पण ग्राहकाला दोन ओळींची मेल लिहायची म्हटलं की घाम फुटायचा. कुठून तरी उचललेलं 'आदरणीय महोदय' चिकटवून मोकळी व्हायची. वहीतलं एकट्या बाई वाचणार, माझ्यावरचं सगळे वाचतील, म्हणून तरी नीट लिहितील, असं बाईंना वाटलं.

त्यांतल्या एकाला सगळे मौनीबाबा म्हणत. तोंडातून शब्द निघेल तर शपथ! माझ्यावर मात्र तो लिहायला लागला. आधी तीन ओळी, मग अर्धं पान. इतरांच्या लिखाणाखाली शेरेही मारू लागला. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या सोमवारी बाईंनी माझ्यावर गृहपाठ टाकला. कामात झालेली चूक ग्राहकाला पत्राने कळवा, खरी घडलेलीच लिहा, नावागावासकट. बाकीच्यांनी थापा मारल्या. त्याने खरंच लिहिलं. कोणत्या हॉस्पिटलची यंत्रणा चार तास बंद पडली, घाईघाईत चाचणी कोणी टाळायला लावली, सगळं. इतकं स्वच्छ त्याने कधीच लिहिलं नव्हतं. पण बाहेरच्यांना दिसू नये म्हणून मला कुलूप लावायचं बाई विसरल्या होत्या. आज सकाळी ते हॉस्पिटलवाल्यांनीच वाचलं.

कंपनीचे साहेब भडकले. पाचच्या आत ब्लॉग पुसा, असं बाईंना बजावलं. बाईंसमोरच त्याला विचारलं, "हे लिहायला तुला कोणी सांगितलं?"

तो फरशीकडे बघत उभा राहिला. बाईंचं नाव त्याने घेतलं नाही. बाईही काही बोलल्या नाहीत. उद्या त्याला कामावरून काढणार आहेत. लागून जेमतेम चार महिने झालेत हो त्याला.

आता बाई माझ्यासमोर बसल्यात. 'कायमचं पुसायचं का?' असं पडद्यावर आलंय आणि त्यांचं बोट माऊसवर आहे. मी गेलो की 'खरी घडलेलीच लिहा' हा बाईंनी घातलेला गृहपाठही जाईल. मग त्याच्या बाजूने सांगायला काहीच उरणार नाही. आणि मला ओरडताही येत नाही.

बाई, मला वाचवा असं मी म्हणत नाही. सोमवारचं ते एक पान तेवढं छापा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवा. मग मला खुशाल पुसा. तुम्हाला बोलणी खावी लागतील, कदाचित तुमचीही नोकरी जाईल, कळतं मला.

पण तो तुमच्यासाठी गप्प बसला, बाई. तुम्ही कोणासाठी गप्प बसलात?