कासाबाईचं सूत

"आबा, येत्या ऐतवारचं शिबिर मी एकटीच घेऊ का?"

एका दमात विचारून साधना मोकळी झाली. कुडाच्या आड शुभदा आणि राजनंदिनी ओढणीत तोंड खुपसून खिदळत होत्या. शाळेतून येताना त्यांनीच तिला डिवचलं होतं, "वर्गात लय टुरटुर करतीस, तुज्या आज्याला इचारून दाखव की!"

चुलीवर सुताला लावायची चिंचोक्याची खळ रटरटत होती. ती ढवळायची थांबवून येडबाआबांनी मोतीबिंदूनं पांढुरके झालेले डोळे आवाजाकडं वळवले.

"घे की. तसंबी घरात तोंड तुजंच चालतंय."

साधनाला आभाळ ठेंगणं झालं.

राणीसावरगावच्या वर, डोंगराच्या सपाटीवर त्यांचा पत्र्याचा मांडव होता. दर ऐतवारी परभणी-गंगाखेडहून हौशी माणसं जीप करून वर यायची. लोकर पिंजायची, चरख्याशी झटापट करायची, खिळे ठोकलेल्या चौकटीवर तळहाताएवढी घोंगडी विणायची आणि फोटो काढून खाली उतरायची. कातायला शिकवायची साधनाची आजी, कासाबाई. विणायला आबा. पावसाळ्यात आजी गेली आणि आबांनी खड्ड्यातल्या मोठ्या मागावर बसणंच सोडलं. पाहुण्यांना शिकवायचे, पण स्वतः एक धागा विणत नव्हते. आजीनं शेवटी कातलेलं सूत ट्रंकेत जपून ठेवलं होतं. कोकरांच्या पहिल्या कातरणीचं, काळंभोर. कुणी विषय काढला की आबा म्हणायचे, "मन झालं की बसन मागावर. घाई काय हाय?"

ऐतवार उजाडला. साधनाचे वडील, भागवतदादा, आबांना डोळे दाखवायला सकाळच्या एसटीनं गंगाखेडला घेऊन गेले. माय मेंढरांमागं गेली. आणि मांडवात साधनाचं राज्य सुरू झालं.

परभणीच्या एका कॉलनीतल्या बायका आल्या होत्या, सोबत पोरंटोरं. साधना नुसती उधळली होती. "काकू, चरख्याला जोर न्हाई लावायचा, त्याला चुचकारायचं!" बायका हसत होत्या. तिच्या जिभेला आज हाडच नव्हतं.

पण माणसं जास्त आणि सूत कमी पडलं. ती इकडंतिकडं बघायला लागली तर मोठ्या मागाच्या कडेला फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. सोडून बघते तर आत मऊशार सूत! आजीचं सूत तर ट्रंकेत; हे आबांनी खास आपल्या शिबिरासाठी काढून ठेवलं, असंच तिला वाटलं. ऊर भरून आला तिचा. सगळ्यांना सारखं मिळावं, गुंता होऊ नये, म्हणून तिनं मेंढरं कातरायची कात्री घेतली, हात-हात लांबीचे तुकडे केले आणि वाटून टाकले.

"अगं बाई, किती मऊ!" एका काकूंनी धागा गालाला लावला.

"आमचं असंच असतंय, काकू!"

पाण्याचे पेले वाटणारी राजनंदिनी तिच्या कानाशी आली. "हरलो बाई आमी. तू तर मास्तरीण झालीस."

विणलेली घोंगडी घेऊन जीप डोंगर उतरली. सांजच्याला दादा आणि आबा परतले. आबा दमून बाहेर बाजेवर आडवे झाले. मेंढरं वाड्यात घालून माय मांडवात आली आणि रिकामं फडकं उचलून तशीच उभी राहिली.

"साधने, ह्यातलं सूत कुठं हाय?"

"वाटलं की. शिबिराला."

"तुज्या आजीचं होतं गं ते. आबानं काल ट्रंकेतून काढलं. म्हणले, सोमवारपासून मागावर बसतो."

चौकटींखाली पडलेले तुकडे साधनानं गुडघ्यांवर रांगत वेचले. एका मुठीत मावले.

दादांनी आवाज दाबला. "आबाला कळू द्यायचं न्हाई. त्याला दिसत कुठं हाय? दुसरं बारीक सूत बांधून ठिव."

"पर दादा..."

"म्हातारा मोडून पडंल पोरी."

मायनं घरातलं बारीक सूत काढून गाठोडं बांधलं.

सोमवारी आबांनी आंघोळ केली, मागाला हळदकुंकू लावलं आणि चाचपडत खड्ड्यात उतरले. गाठोडं सोडलं. एक धागा चिमटीत धरून ओढला. थांबले. गालाला लावला. दुसरा घेतला. दप्तर खांद्यावर घेऊन साधना खांबामागं उभी होती.

"भागवता, हे ट्रंकेतलंच हाय ना रे?"

"हौ आबा. तेच."

आबांनी धागा खाली ठेवला. मग आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, जसं काही दिसणारच होतं.

"मग माजी बोटं मेली म्हणायची. उभी जिंदगी कासीचं सूत ह्या बोटांतून गेलं. आन आज वळखू येईना मला."

आबा खड्ड्यातून वर आले. "लाकडं काढून ठिवा. खड्डा बुजवा, एखादं मेंढरू पडंल."

त्या दिवसापासून आबा हात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. कातरणीला कात्री धरायला सांगितली तर म्हणाले, "नको, मेंढीला लागंल." गंगाखेडच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या ऑपरेशनला बोलावलं होतं, तर "आता काय बघायचंय?" म्हणून तोंड फिरवलं. एकदा साधनानं चहा दिला. वाफ निघत होती. बशी हातात धरून आबांनी विचारलं, "गरम हाय का गं?"

ती मागं पळाली आणि मेंढरांच्या वाड्याच्या कुपाटीच्या खांबाला धरून रडली. सूत गेलं ते गेलं, पण आबांचे हात तर खरं बोलले होते. त्यांना खोटं पाडलं होतं घरानं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर आली तेव्हा दादा कुदळ घेऊन मागाच्या खड्ड्यापाशी उभे होते. शेजारी मायनं मातीची पाटी भरून ठेवली होती. साधनानं दप्तरातून काहीतरी मुठीत घेतलं, दप्तर टाकलं आणि खड्ड्यात उतरली. "आबाला खरं सांगा, दादा."

"वर ये," दादा म्हणाले. "तुज्यावर जीव हाय त्याचा. ऐकलं तर तुला पुन्हा जवळ करील का?"

तिचा चेहरा रडून सुजला होता. पण आवाज तोच होता, वर्गात घुमणारा.

"न करू देत, दादा. माय, तूबी ऐक. मी आत्ता आबाकडं जाऊन सांगणार हाय, सूत मी कापलं म्हणून." तिनं मूठ उघडली. आत त्या ऐतवारी वेचलेले काळेभोर तुकडे होते. "आन हे त्यांच्या हातावर ठिवणार. तुमी या, न्हाईतर नका येऊ."