दगडावरचा नीलपंख

आप्पासाहेबांना त्या माणसाचं लक्षण काही ठीक दिसेना. दर रविवारी केडगावहून मोटारसायकलवर यायचा आणि विहिरीच्या कठड्यावर बसून हातभर लांब कॅमेरा आभाळाकडं रोखायचा. विमानांचे फोटो काढतो म्हणे! श्रीगोंद्याच्या उसात येऊन कुणी विमानं शोधतं होय? थोरल्या रंगनाथदादानंच चोरून मोजणीला माणूस लावलाय, अशी खूणगाठ आप्पासाहेबांनी मनाशी बांधली. दोघा भावांच्या रानात बांध एकच, आणि त्या बांधावर हद्दीचा दगड.

शेवटी एका रविवारी ते तरातरा विहिरीवर गेले. "दाव रं, काय काय टिपलंस ते!"

तो हर्षल, बँकेतला कारकून, उलट खूश झाला. कॅमेऱ्यात खरंच विमानं होती, घारी होत्या, उसाचे तुरे होते. आप्पासाहेबांच्या जिवात जीव आला.

"आणि हा नीलपंख, काका. दसऱ्यापासून दर रविवारी याच दगडावर बसलेला असतो," हर्षल म्हणाला. "गंमत बघा, पहिल्या फोटोत दगड बाभळीच्या अलीकडं आहे, आणि आज पलीकडं!"

पंधरवड्याला वीतभर, फक्त वीतभर सरकवत होते आप्पासाहेब तो दगड.

"ह्ये आनिक कुनाला दावलंस का?"

"रंगनाथकाकांना. मघाशीच सगळे मोबाईलवर मागून घेतले त्यांनी. म्हणाले, आमच्या आप्पाला पाखरांची लई हौस हाय, त्याला बी दाव."